नमुना सही आणि चौथ्या गल्लीचं पाणी

आमच्या घराची बेल वाजली की बाबा आतूनच विचारायचे, "कोण?" यात नवल काही नाही, सगळेच विचारतात. पण बाहेरच्यानं "मी" म्हटलं तर आमचं दार उघडत नसे. "मी म्हणजे कोण? मी तर इथंही एक आहे," असं आतून उत्तर जायचं. माझे सख्खे मामा एकदा भर उन्हात, खांद्यावर आंब्यांची पेटी घेऊन, चांगली दोन मिनिटं बाहेर उभे होते. आवाज ओळखला होता, हे बाबांनी नंतर कबूल केलं. "पण आवाज काय, कुणालाही काढता येतो," असं म्हणून त्यांनी पेटीची दोरी सोडायला घेतली.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांच्या आधी आजोबाही कारकूनच. नोकरीची बहुतेक वर्षं बाबांनी नकला देण्याच्या टेबलावर काढली. जुन्या नोंदी, उतारे, दाखले यांच्या नकला मागायला माणसं यायची, आणि ज्याचा कागद त्याच्याच हातात पडतोय ना, हे बघणं बाबांचं काम. निवृत्त झाल्यावर कचेरीतलं टेबल तिथंच राहिलं, पण सवय घरी आली. मी तेव्हा पंचविशीत होते, कॉम्प्युटरवर काम करत होते, आणि बाबांच्या या चौकशा म्हणजे जुन्या जगाचा वेळकाढूपणा, असं माझं ठाम मत होतं. माझी मतं तेव्हा सगळीच ठाम होती.

त्या वर्षांत पाऊस लागोपाठ रुसला होता. आमच्या भागात, गारखेड्यात, मात्र घरं थांबायला तयार नव्हती. आमच्या समोरच्या मोकळ्या प्लॉटवर तीन मजले चढले, मागच्या चिंचेच्या जागी पार्किंग आलं. नळाला पाणी कधी येईल ते नळालाच माहीत. बोअरं एकेक करून हवा ओकायला लागली. मग गल्लीगल्लीनं टँकर ठरवले. आमची चौथी गल्ली, आमचा वार मंगळवार. मंगळवारी टँकर आला की आठवडा निघायचा, नाहीतर पुढं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसायचं.

गल्लीचं टँकरचं सगळं आई बघायची. कुणी नेमलं नव्हतं, पण आवाज तिचा होता आणि पाइपही आमचाच लांब होता. टँकर आला की कुणाची टाकी आधी, कुणाचे ड्रम नंतर, हे ती फाटकातून सांगायची आणि लोक ऐकायचे. शेवटच्या घरातल्या काकूंकडं जमिनीतली टाकी नव्हती, नुसते चार ड्रम होते. त्या वर्षी त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. म्हणून आईनं नियमच केला होता, की पहिला पाइप काकूंच्या ड्रमात जाणार.

माझं ऑफिस औरंगपुऱ्यात, भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं. खाली दिवसभर पातेल्यांची आदळआपट चालायची आणि वर आम्ही पाचजण खुर्च्यांना खुर्च्या लावून प्रोग्रॅम लिहायचो. एके दिवशी जिना चढून आमच्या गल्लीचेच टँकरमालक आले. मूळचे देवगाव रंगारीचे शेतकरी. रान पडीक पडलं तसे शहरात आले, आधी एक टँकर घेतला आणि मग आणखी चार. पांढरा शर्ट, पायात धुळीनं भरलेल्या चपला, हातात कोणत्या गल्लीचा टँकर कधी, ते लिहिलेली पाळीची वही. मी त्यांना काका म्हणायचे.

"ताई, एक इलाज सांगा," ते बसायच्या आधीच म्हणाले. "ऑर्डर फोनवर येती. आमचा डायवर विहिरीवर टँकर भरत असतो, फोन स्पीकरवर. बाजूला दुसऱ्याचे चार डायवर कान लावून बसलेले. आमचा टँकर निघायच्या आत त्यांचा तिथं जाऊन उभा! मधल्या मधी कुणी ऐकणार नाय, असं कायतरी करा."

मला हेच हवं होतं. नुसते फॉर्म आणि याद्या बनवून मी कंटाळले होते. ऑफिसच्या सरांना गळ घालून ते काम मी एकटीनं घेतलं. प्रत्येक गल्लीच्या प्रमुखाच्या फोनमध्ये एक ॲप, काकांच्या बाजूला एक सर्व्हर, आणि दोघांच्या मधलं बोलणं पक्कं कुलूपबंद.

या कुलपाच्या मी अक्षरशः प्रेमात होते, आणि अजूनही आहे. आधी कधी न भेटलेली दोन यंत्रं सगळ्यांच्या देखत काही आकडे एकमेकांकडं टाकतात. प्रत्येकाच्या मुठीत आणखी एक आकडा असतो, तो कधीच बाहेर पडत नाही. समोरून आलेला आकडा आणि मुठीतला आकडा मिळून दोघांकडं एकच चावी तयार होते. मधल्या माणसानं सगळं ऐकलं तरी त्याला ती चावी घडवता येत नाही. शिवाय सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो, म्हणजे फोनला खात्री पटते की समोर काकाच आहेत, दुसरा कुणी टँकरवाला नाही.

जेवताना मी हे घरी सांगितलं. भाकरीचे दोन तुकडे दोन यंत्रं झाले आणि मधली चटणी झाली चोरून ऐकणारा डायव्हर. आई कौतुकानं बघत होती. बाबांनी ताटातलं संपवलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "म्हणजे टँकरवाला खरा आहे, हे गल्लीला कळणार."

"हो."

"आणि गल्ली खरी आहे, हे टँकरवाल्याला कसं कळणार?"

"गल्लीचा नंबर टाकायचा ना त्यात."

"नंबर कुणी टाकला?"

"बाबा, हे तुमचं नकलांचं टेबल नाहीये!" मी चिडून म्हणाले.  बाबा मीठ सरकवून उठले.

आईनं दुसऱ्याच दिवशी गल्ली फिरून सगळ्यांना पटवलं. फोनवरच बरं चाललंय की, असं म्हणणारे होतेच. त्यांना आईचं एकच उत्तर होतं, "माझ्या लेकीनं केलंय." हे वाक्य तिनं त्या आठवड्यात इतक्यांदा म्हटलं, की भाजीवालीनंही मला एकदा विचारलं, नेमकं काय केलंय म्हणून. मी नाक वर करून चालत होते.

पहिल्या मंगळवारी सगळी गल्ली पाइप, ड्रम, बादल्या मांडून उभी राहिली. टँकर आलाच नाही. आईनं ड्रायव्हरला फोन लावला. ड्रायव्हर किराडपुऱ्याचे वयस्कर चाचा, बोलायला मोठे गोड. ते म्हणाले, "बाई, मैं तो कबका खाली करके आ गया. चौथी गल्ली पूछा, वो लोगां बोले हौ, येइच है."

टँकर पाचव्या गल्लीच्या कोपऱ्यावर रिकामा झाला होता. आम्ही सगळ्या तिकडं गेलो तर तिथले ड्रम काठोकाठ भरलेले, वरून फडकी बांधलेली. पाचव्या गल्लीचे प्रमुख निवृत्त मास्तर होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या आणवल्या, हे मला जास्त झोंबलं.

"मास्तर, तुम्ही आमचा नंबर टाकलात?" आईनं विचारलं.

"टाकला," मास्तर शांतपणे म्हणाले. "आमचा वार शुक्रवार, आणि आमचं बोअर शनिवारीच गेलं. ॲपनं विचारलं, गल्ली कोणती? मी चार टाकलं. विचारलं, टँकर कुठं उभा करू? मी कोपरा दाखवला. तुम्ही कोण, असं त्यानं विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो, माझा स्वभाव नाही तो."

 माझं कुलूप फुटलं नव्हतं. मास्तरांची ऑर्डर एका अक्षराचाही फेरफार न होता, कुणालाही ऐकू न जाता, अगदी सुरक्षित पोचली होती. मी आमच्या गल्लीत परतून पाइपची गुंडाळी करायला लागले.

त्या दिवशी आमच्या टाकीतलं तळाचं पाणी आईनं बादल्यांनी काकूंकडं पोचवलं, कारण बाळ तेव्हा चार दिवसांचं होतं. काकू काही बोलल्या नाहीत. पण बाकीच्या गल्लीनं उणीव भरून काढली. "वहीच बरी होती," एकीनं म्हटलं. "लेकीचं कौतुक असावं, पण पाण्यावर नको," दुसरीनं म्हटलं. आई ऐकून घेत होती. माझ्याबद्दलचं ते वाक्य तिनं त्या दिवसापासून बंद केलं. मला रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मी इरेला पेटले. दुसऱ्याच दिवशी प्रत्येक गल्लीला एक गुप्त शब्द देऊन टाकला. ऑर्डर करताना तो शब्द लिहायचा, चुकला तर ऑर्डर नाही. टँकर खाली करण्याआधी चाचाही तोच शब्द विचारणार. आमचा शब्द आईनं निवडला, "लिंबू". आता चौथ्या गल्लीत गुप्त काही राहू शकतं का, याचा विचार मी करायला हवा होता. कुणी नसलं तर टँकर अडू नये म्हणून आईनं सगळ्या घरांना शब्द सांगून ठेवला. मंगळवारी सकाळी वरच्या गच्चीतून आरोळी आली, "अगं, लिंबू का मोसंबी?" आणि तीन घरांतून उत्तर गेलं, "लिंबू, लिंबू!"

पाचव्या गल्लीला कान होतेच. तासाभरानं टँकरचा आवाज आला तो मागून, पाचव्या गल्लीच्या कोपऱ्याकडून. या वेळी आई तयार होती. पदर खोचून ती कोपऱ्यापर्यंत धावली आणि टँकरच्या तोंडासमोर उभी राहिली. चाचांनी करकचून ब्रेक लावला. "बाई, वो लोगां भी लिंबूइच बोल रहे," ते काकुळतीनं म्हणाले. आईनं टँकर वळवून आणला, काकूंच्या ड्रमात पहिला पाइप टाकला, आणि मग पायरीवर बसून बराच वेळ धापा टाकत राहिली. मला तिच्याकडं बघवेना.

बुधवारी काका औरंगपुऱ्याचा जिना चढून आले. चहा घेतला, खालची पातेली ऐकत बसले. मग म्हणाले, "ताई, तुमच्यावर माझा राग नाय. पण लई बोभाटा झाला. मंगळवारपर्यंत बघतो. तवाही असंच झालं तर आपली वही बरी, अन् चौथ्या गल्लीला मी आगाऊ सांगून ठेवतो, की दुसरा टँकर बघा. रोज रोज भांडण नाय परवडत."

त्या उन्हाळ्यात दुसरा टँकर कुणाला मिळत नव्हता. तो मिळाला नाही तर चार ड्रमवाल्या काकूंचं आणि त्या बाळाचं काय होणार, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. आणि हे सगळं आईच्या शब्दावर झालं होतं.

शनिवारी दुपारी मी वही-पेन घेऊन बाबांसमोर जाऊन बसले. माफी मागायची माझी पद्धत तेव्हा फारशी चांगली नव्हती. "तुमच्या टेबलावर तुम्ही काय करायचात?" एवढंच मी विचारलं. बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. हा प्रश्न त्यांना घरात पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

"नमुना सही," ते म्हणाले. "पहिल्यांदा येईल तेव्हा माणसाला समोर बसवायचं, दोन ओळखीचे साक्षीदार, आणि रजिस्टरात त्याची सही घ्यायची. पुढच्या वेळी नवी सही त्या नमुन्याशी ताडून बघायची."

"पण सही गिरवता येते की."

"येते ना! एकानं माझ्यासमोर भावाची हुबेहूब केली होती. महिनाभर तीच एक सही घोटून आला होता. तेव्हापासून मी नुसती सही घेणं बंद केलं. समोर कोरा कागद ठेवायचा आणि त्या क्षणी मनात येईल तो शब्द सांगायचा. आज 'कंदील', उद्या 'पिंपळगाव'. तो शब्द लिहा आणि खाली सही करा. घोटून आलेल्याला सही येते, कंदील येत नाही."

माझं पेन थांबलं. शब्द आमच्या गच्चीवरून सगळ्यांना ऐकू गेला होता, कारण तो दर वेळी तोच होता. आणि तो ज्याच्या तोंडी, तो खरा असं मी धरलं होतं. विचारणाऱ्यानं दर वेळी नवीन काहीतरी विचारायला हवं, आणि उत्तर असं हवं की ते एकाच हातातून येऊ शकेल.

"एवढ्यानं भागत नाही," बाबा पुढं सरकले. त्यांना आता रंग चढला होता. "एकदा एक जण माझा शब्द ऐकून शेजारच्या टेबलावर गेला आणि तिथं बसलेल्या खऱ्या माणसाकडून दुसऱ्याच अर्जासाठी म्हणून तो लिहून घेऊन आला. सही खरी, शब्दही ताजा, माणूस भलताच. म्हणून मी शब्दाबरोबर त्या अर्जाचा आवक क्रमांकही लिहून घ्यायचो. सही त्याच अर्जासाठी, त्याच टेबलावर. दुसरीकडं चालणार नाही."

जे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, ते बाबा घरच्या लुंगीत बसून सांगत होते. मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही आधी का नाही बोललात?" ते म्हणाले, "बोललो होतो. तू चटणी दाखवत होतीस." आम्ही दोघंही हसलो. आई आतून बघायला आली, काय झालं म्हणून.

मग दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. आता प्रत्येक गल्लीच्या प्रमुखाच्या फोनमध्ये सहीची एक चावी तयार होणार होती, जी त्या फोनबाहेर कधीच पडणार नव्हती. तिची फक्त नमुना सही सर्व्हरच्या रजिस्टरात राहणार. ऑर्डर द्यायला फोन आला की आधीसारखीच आकड्यांची देवाणघेवाण होणार, पण सर्व्हर प्रत्येक वेळी एक नवा आकडा पाठवणार. फोननं तो आकडा आणि त्याच बोलण्यात आतापर्यंत इकडून तिकडं गेलेलं सगळं एकत्र करून त्यावर सही करायची. त्यामुळं कालची सही आज चालणार नाही, आणि दुसरीकडं केलेली इथं आणून चिकटवताही येणार नाही. सर्व्हर खरा, हे फोनला कळणार, आणि फोन खरा, हे सर्व्हरला. बाबांचं टेबल जसंच्या तसं आत बसलं.

नमुना सही मात्र समोरासमोरच घ्यायची, यावर बाबा अडून बसले. काका सोमवारी दिवसभर गल्ल्या फिरले, प्रत्येक प्रमुखाला भेटले, शेजारचे दोन साक्षीदार बोलावले आणि फोन नोंदवून घेतला. घरोघरी चहा झाला. पाचव्या गल्लीत मास्तरांनी पोहे केले आणि स्वतःचा फोन पाचव्या गल्लीचा म्हणून नोंदवला. "या वेळी विचारलंत, बरं झालं," असं ते काकांना म्हणाले.

मंगळवारी मी ऑफिसला दांडी मारली. आईनं फाटकात उभं राहून ऑर्डर दिली. त्यानंतर दहाच मिनिटांत माझ्या लॅपटॉपवर एक ओळ उमटली, चौथ्या गल्लीसाठी आणखी एक मागणी, ओळख पटली नाही, नाकारली. मास्तर प्रयत्न करून बघत होते. नंतर त्यांनी मला सांगितलं, की मास्तर म्हणून परीक्षा घेणं त्यांचं कर्तव्य होतं.

टँकर आला तो सरळ आमच्या गल्लीत. चाचा खाली उतरले, पाणी सोडण्याआधी ओळख पटवायला आपला फोन पुढं धरला. आईनं आपल्या फोनवर अंगठा ठेवला. चाचांच्या फोनवर हिरवी खूण आली. "हौ, येइच है चौथी गल्ली," ते म्हणाले आणि व्हॉल्व्हकडं वळले.

पहिला पाइप काकूंच्या ड्रमात गेला. काकू बाळाला फडक्यात गुंडाळून दारात घेऊन आल्या होत्या, पाण्याचा आवाज ऐकवायला म्हणे. गल्लीतल्या सगळ्या भोवती जमल्या. "हे कसं काय जमलं हो?" वहीच बरी म्हणणाऱ्या बाईंनी विचारलं.

आई पाइप धरून उभी होती. तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं नाही. पण आवाज तिचा नेहमीचाच, पाचव्या गल्लीपर्यंत जाणारा होता. "माझ्या लेकीनं केलंय," ती म्हणाली.

दोन आठवडे मी पाण्याची नाही, त्या वाक्याची वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं. डोळे भरून आले आणि ते लपवायला मी घराकडं वळले. दार आतून लावलेलं होतं. बेल वाजवली.

"कोण?" बाबांनी आतून विचारलं.

त्या दिवशी मी "मी" म्हटलं नाही. पूर्ण नाव सांगितलं, आईचं नाव, वडलांचं नाव, गल्ली चौथी, आणि विचारलं, "आज कोणता शब्द लिहून देऊ?"

 आतून कडी निघाली. दारात बाबा उभे होते, चष्मा हातात, आणि सदऱ्याच्या टोकानं ते डोळे पुसत होते.